उजवीकडचा खेळाडू

नियम लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे आणि हल्ली मला त्याचा वीट आलाय. सरकारी नियम नव्हेत. टेबलाभोवती बसून, फासे टाकत, तीन-चार माणसं मिळून एखादी गोष्ट खेळतात, त्या खेळांचे. एक जण सूत्रधार असतो, बाकीचे योद्धा, चोर, वैद्य असं काहीबाही होतात आणि कुणाला काय जमतं, किती जमतं, हे माझ्यासारखं कुणीतरी आधी लिहून ठेवलेलं असतं. कादंबऱ्यांवरून खेळ काढायची टूम निघाल्यापासून माझ्या नाकी नऊ आलेत. कादंबरीकार एका ओळीत लिहून मोकळे होतात की अमक्यानं हात वर केला आणि डोंगर सरकला. किती सरकला? दिवसातून कितीदा? ते मी बघायचं.

या खेपेला माझ्या वाट्याला वाहिका आली होती. सात जाडजूड खंडांची नायिका. दमलेल्या माणसाच्या पाठीवर तळवा ठेवायचा, ‘दे इकडे’ म्हणायचं, की त्याचा सगळा शीण हिच्या अंगात. तो माणूस ताजातवाना होऊन चालायला लागतो. सात खंडांत ही बाई अख्ख्या फौजांचा शीण घेते आणि एकदाही आडवी होत नाही. मी लेखिकाबाईंना फोन केला.

“ती थकत नाही का हो?”

“नाही. तीच तर तिची शक्ती.”

“पण खेळात असं चालत नाही. खेळाडू तिला नुसतं राबवून घेतील. काहीतरी मर्यादा हवी.”

“घाला मर्यादा. पण ती माझी वाहिका वाटली पाहिजे. सोमवारी वाचून दाखवा. नाही पटलं तर मी परवानगी देणार नाही.”

त्या सोमवारची आमच्या घरात आणखी एका कारणानं धास्ती होती. ताईचा उजवा खांदा. बाबा दीड वर्षापासून अंथरुणाला खिळलेत, दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते आणि ते ताई करते. त्यात तिचा खांदा गेला. ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे ढकलून झाली होती. आता गुरुवारची मिळाली होती. येणार की नाही ते सोमवारी कळवायचं होतं आणि डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, या वेळी टाळलंत तर हा हात पुन्हा वर जायचा नाही. ऑपरेशननंतर सहा आठवडे तिनं काही उचलायचं नव्हतं. म्हणजे सहा आठवडे बाबांचं मी बघायचं. मी म्हटलं होतं, “एवढं पुस्तक हातावेगळं होऊ दे, मग बघू.” दोन्ही वेळा मीच म्हटलं होतं. ताईनं त्यावर ब्र काढला नव्हता आणि तिला चालतंय असं मी सोयीनं धरून चालले होते.

रविवारी दुपारी नियम खेळून बघायला मंडळी आमच्याकडे जमली. दातांचे डॉक्टर आणि आमच्या पुस्तकांसाठी नकाशे काढणारा, हे नेहमीचे दोघे. तिसरीला ताप आला, म्हणून मी ताईला बसवलं.

“चिमे, मला त्यातलं काही कळत नाही गं,” ती म्हणाली. मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. मला चिमी म्हणणारी ती एकटीच उरलीय.

मी तिला वाहिका केलं, कारण ते सगळ्यात सोपं. कागदावर दहा चौकटी. एकदा शीण घेतला की एका चौकटीत खूण करायची. दहा भरल्या की वाहिका आडवी, दुसऱ्या दिवसापर्यंत उठायची नाही. तोवर बाकीच्यांनी आपापल्या पायांनी काय ते चालायचं.

सूत्रधार मी. एका दिवसात तीन बर्फाळ खिंडी ओलांडायच्या होत्या. डॉक्टर म्हणजे आळशी योद्धा, दहा पावलं चालले की यांचं सुरू, “ताई, जरा हात ठेवा हो पाठीवर.” नकाशेवालाही काही कमी नव्हता. ताई प्रत्येक वेळी “दे इकडे” म्हणायची आणि पेन्सिल टेकवायची. माझं लक्ष फाशांत होतं, मोजणं मी तिच्यावरच सोडलं होतं. मधे दोनदा उठून बाबांची कूस बदलून आली. अंधार पडायच्या आत मंडळी तिसऱ्या खिंडीपलीकडे पोचली आणि मी मनातल्या मनात हुश्श केलं. दहा चौकटी बरोबर पुरल्या. नियम झाला, सोमवार सुटला. डॉक्टर जाताना म्हणाले, “ताई, तुम्ही नसतात तर आम्ही पहिल्याच खिंडीत बसकण मारली असती.” ताई हसली.

मग मी आवराआवर करताना तिचा कागद हातात घेतला. दहाही चौकटी भरलेल्या. काहीतरी खुपलं म्हणून उलटा केला. मागे, अगदी फिकट पेन्सिलीनं, पाच-पाचच्या ओळींत आणखी खुणा होत्या. मी मोजल्या. तेवीस.

माझं डोकंच फिरलं. सगळी दुपार फुकट. पहिल्या खिंडीतच वाहिका पडायला हवी होती, आणि मी नियम पास करून बसले होते. कागद घेऊन मी तरातरा बाबांच्या खोलीत गेले. ताई डाव्या हातानं त्यांच्या पाठीशी उशी सारत होती.

“ही काय लबाडी आहे, ताई? दहाला पडायचं होतं तुला.”

“मग काय करू? ते दोघं बर्फात बसले असते.”

“बसू देत ना. खेळ आहे तो. सांगायचं, आता माझ्यानं होत नाही.”

“तुमचं छान चाललं होतं,” ती म्हणाली. “आणि मागच्या बाजूला लिहू नये असं कुठं सांगितलं होतंस?”

मी पंचवीस वर्षं नियम लिहितेय. जिंकायला लबाडी करणारे शेकड्यानं बघितलेत, त्यांच्यासाठी माझ्याकडे पानंच्या पानं तयार आहेत. दुसऱ्यांनी चालत राहावं म्हणून स्वतःच्या खुणा लपवणारी मी पहिल्यांदाच बघत होते, आणि ती दीड वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होती. मला लाज वाटली, दुसरा शब्द नाही.

“गुरुवारचं काय ठरवलंस?” मी विचारलं.

“तुझं पुस्तक होऊ दे आधी.”

सोमवारी सकाळी मी पहिला फोन हॉस्पिटलला केला. येतोय म्हणून कळवलं. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती.

“तुला नाही जमायचं, चिमे.”

“नाहीच जमणार. शिकव.”

दुसरा फोन लेखिकाबाईंना. पहाटे उठून लिहिलेला नियम मी वाचून दाखवला. “वाहिकेला वाटेल तितका शीण घेता येतो. मात्र चौकटींचा कागद तिच्याजवळ नसतो. तो तिच्या उजवीकडे बसलेल्या खेळाडूकडे असतो. खुणा तोच करतो. ‘आता बस’ हेही तोच म्हणतो, आणि त्यावर वाहिकेचं काही चालत नाही.”

पलीकडे पानं चाळल्याचा आवाज आला. मला वाटलं, गेलं हे पुस्तक.

“हा उजवीकडचा मी सात खंडांत कुठं लिहिलाच नाही,” बाई म्हणाल्या.

“हो. शोधला मी.”

“राहू द्या त्याला,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तीन दिवस ताईनं शिकवलं. गुडघा कुठं टेकवायचा, चादर कशी ओढायची, बाबांचा हात आधी छातीवर घ्यायचा. मी इतकी आडदांड की बाबा, जे दिवसाला चार शब्द बोलतात, त्यातले दोन माझ्यावर खर्च करत होते, “अगं, हळू.” माझी कंबर धरली. दर दोन तासांनी. हे तिनं दीड वर्ष केलं होतं आणि मी शेजारच्या खोलीत बसून काल्पनिक बाईला किती चौकटी द्याव्यात याचा खल करत होते.

बाबांच्या दारावर मी एक कागद चिकटवला. कूस बदलायच्या वेळा, आणि पुढे चौकटी. पेन्सिल माझ्या खिशात.

बुधवारी संध्याकाळी ताई हॉस्पिटलची पिशवी भरून बाबांच्या दारासमोरच्या खुर्चीत टेकली. मी विचारलं, “दमलीस?”

“छे गं.”

मी उठले, दारावरच्या कागदावर तिच्या नावानं एक खूण केली आणि तिच्या उजव्या बाजूला येऊन बसले. ती त्या खुणेकडे बघत राहिली. पेन्सिल मागायला तिनं हात पुढे केला, मी दिली नाही. मग तिनं हात मांडीवर ठेवला.

“दमले गं, चिमे,” ती म्हणाली. “फार दमले.”