पिशवीचा खिळा

मोकळ्या पेटीत सोडलेला उंदीर भिंतीला जो चिकटला तो हलायलाच तयार नाही. या प्रयोगशाळेत पिंजरे धुण्यात माझी हयात गेली, उंदरांचं कौतुक मला केव्हाच उरलेलं नाही. पण त्या दिवशी मात्र गलबलून आलं. घरी आमच्या हिचं अगदी असंच झालं होतं.

हिची नजर गेली तेव्हा मी नको तो शहाणपणा केला. कुठे धडपडायला नको म्हणून टेबल, खुर्च्या, स्टूल सगळं मागच्या खोलीत कोंबलं. भिंतीतले खिळेसुद्धा उपटून भोकं बुजवली. ही खोलीच्या मधोमध हात पुढे करून उभी राहिली, हाताला काही लागेना. "हे आपलं घर नव्हे," म्हणाली आणि लेकीकडे गेली ती गेलीच. तेव्हापासून घर नुसतं खायला उठतं. आमटीत मीठ कमी पडलं तर बोलायलाही कुणी नाही.

मी प्रयोग करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, या उंदराला झालंय तरी काय? त्या म्हणाल्या, उंदीर अंधारात मिशा पुढेमागे फिरवतो. कुठली मिशी कितपत वळल्यावर टेकली, त्यावरून त्याचा मेंदू वस्तूची जागा ठरवतो. "टेकायलाच काही नसलं ना मामा, तर बिचाऱ्याला आपण कुठे आहोत तेच कळत नाही. म्हणून तो भिंत सोडत नाही."

घ्या! आणि मी अख्खं घर रिकामं करून बसलो होतो.

रविवारी फरशीवरचे जुने डाग बघून सगळं जागच्या जागी लावलं. टेबलामागच्या भिंतीत हिचा पिशवीचा खिळा ठोकला. लेकीला फोन केला. ती म्हणाली, आणते, पण आई घाबरली तर लगेच परत नेईन.

ही आली. पिशवी छातीशी घट्ट धरलेली, खाली टॅक्सी थांबवलेली. हात खुर्चीच्या पाठीला लागला, तिथून टेबलाच्या कडेला. लेक पुढे झाली, तिला मी खुणेनं थांबवलं. मग हिचा हात भिंतीवर गेला. तिथे खिळा नव्हता. भोक बुजल्यामुळे मी तो अंदाजानं ठोकला होता. बोटं डावीकडे गेली, उजवीकडे गेली, भिंत चाचपत राहिली.

शेवटी एक बोट खिळ्याला लागलं.

"अहो, जरा वरच ठोकलात," ही म्हणाली, आणि तिनं पिशवी अडकवली.