लिडियाचा राहिलेला पेपर

मित्रांनो, आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात आलात, तर मासिकांच्या कपाटामागे एक अरुंद दार दिसेल. आत खिडकीखाली, लाकडी मेजावर एक काळं पडलेलं लोखंडी यंत्र आहे. दोन जाड पाट, मधोमध पिळाचा खांब आणि वर एक चाक. तो शिकंजा म्हणजे मी. पुस्तकाची बांधणी झाली की खळ वाळेपर्यंत ते घट्ट दाबून धरायचं, एवढंच माझं काम. एवढंच येणाऱ्यानं बोलायला बसावं का, याचा मी बराच विचार केला आणि अजूनही माझं नक्की ठरलेलं नाही. पण ही गोष्ट माझ्यापेक्षा एका मुलीची जास्त आहे. ती सांगायला दुसरं कोणी पुढे येत नाही, म्हणून मी सांगतो.

माझा जन्म नगरला, ओतकामाच्या एका लहानशा कारखान्यात झाला. मला तासलं, घासलं, पिळात तेल सोडलं आणि एका छापखान्यात नेऊन ठेवलं. तिथे मी तरुणपण काढलं. पावतीपुस्तकं, हजेरीपट, शाळांचे वार्षिक अंक, सगळं माझ्या पाटांमधून गेलं. पुढे छापखाना बंद पडला. त्याच सुमारास या कॉलेजात बांधणीचा विभाग सुरू होत होता. मला टेम्पोत घालून इकडे आणलं आणि माझ्याबरोबर रंगनाथ नावाचे बाइंडरही आले.

या विभागात काम करायचं ते ‘कमवा आणि शिका’ योजनेतल्या मुलांनी. ज्यांना घरून पुरत नाही, अशा मुलांनी तास संपल्यावर कॉलेजातच काम करायचं आणि महिन्याला त्याचा मोबदला घ्यायचा. कोणी झाडांना पाणी घालतं, कोणी प्रयोगशाळेत काचेची भांडी धुतं, काही जण माझ्याकडे येतात. रंगनाथांनी त्यांना छापील पानांच्या घड्यांचे फर्मे शिवायला शिकवलं. खळीत मोरचूद घालायला शिकवलं, म्हणजे पुस्तकाला कीड लागत नाही. बाहेरून पाहुणे आले की प्राचार्य त्यांना आवर्जून इथे आणत. माझ्या चाकावर हात ठेवून ते श्रमाच्या मोठेपणावर बोलत. काम करणाऱ्या मुलांच्या पाठीवर ठेवलेला हात मला आठवत नाही. कदाचित तेव्हा माझं लक्ष नसेल.

मग रंगनाथ थकून घरी गेले. फाटलेली पुस्तकं शिवण्यापेक्षा नवी मागवणं सोपं झालं. माझ्या चाकावर धूळ बसू लागली, आणि खोलीत मोडक्या खुर्च्या येऊन पडल्या. अशा दिवसांत लिडिया आली.

ती घोडेगावजवळच्या एका वस्तीवरची. तिचे वडील भिमाजी जनावरांच्या बाजारात हमाली करायचे. विकलेल्या म्हशी, बैल टेम्पोत चढवायचे, उतरवायचे. अडून बसलेल्या जनावराला खांदा लावून लावून त्यांची पाठ कामातून गेली होती. आई झुंबरबाई कांद्याच्या वखारीत निवडायला जायची. लिडिया बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. तिच्याबरोबर काम करायला जया नावाची मुलगी होती, तिच्याच वर्गातली, तोंडानं फटकळ.

लिडियाचा हात फार चांगला होता, पण शिवता शिवता ती वाचत बसायची. मग टाका चुकायचा, मग ती तो उसवायची.

“बाई, तुझं एक पुस्तक होईपर्यंत माझी अख्खी थप्पी शिवून होती,” जया म्हणायची. “तुला पगार शिवायचा मिळतो का वाचायचा?”

“शेवटचं पान कुणीतरी फाडलंय गं. आता तो घरी गेला का नाही, कसं कळायचं?”

“गेला असंल. तू पण जा, सहाची एसटी चुकंल.”

त्या दोघी हसल्या की माझा पिळसुद्धा जरा सैल फिरतो, असं मला वाटायचं. लोखंडाला काय वाटायचंय, असं तुम्ही म्हणाल. खुशाल म्हणा.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात भिमाजी कॉलेज बघायला आले. पांढरी टोपी, धुतलेला सदरा, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. त्या दिवशी ग्रंथालयाचे शिपाई श्रीमंतमामा किल्ल्या लिडियाकडे देऊन बँकेत गेले होते. ती किल्ल्यांचा जुडगा मनगटात अडकवून उभी होती आणि दारात दोन पोरं तिची थट्टा करत होती.

“मॅडम, आमचं पुस्तक झालं का? मॅडम, दोन दिवस झाले!”

“उद्या या. आज साहेब रजेवर आहेत,” तीही ऐटीत म्हणाली.

पोरं हसत गेली, आणि मागे भिमाजी उभे होते. तेवढ्यात श्रीमंतमामा आले. माणूस मोठा अगत्याचा. त्यांनी धावत जाऊन खुर्ची आणली.

“लिडिया मॅडमचे वडील का? बसा, बसा. तुमच्या पोरीबिगर आमचं पान हालत नाही बरं का!”

भिमाजी खुर्चीच्या कडेवर बसले. मेज पाहिलं, किल्ल्या पाहिल्या, मला पाहिलं.

“समदं तुझ्याच ताब्यात हाय व्हय गं?”

“तसं नाही पप्पा. शिकता शिकता करायचं असतं हे.”

“व्हय, व्हय. शिकता शिकताच मानूस मोठा व्हतो.” त्यांनी टोपी काढून डोळे पुसले. “देवानं ऐकलं बाई. लई उशिरा ऐकलं, पन ऐकलं.”

लिडियानं तोंड उघडलं होतं. माझ्या समोरच ती उभी होती, म्हणून मला दिसलं. पण वडील त्या खुर्चीत इतके खूश दिसत होते, की तिनं ते मिटलं आणि भाकरीचं फडकं सोडायला घेतलं.

पुढचं मला त्या दोघींच्या बोलण्यातून कळलं. रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी लिडियाला नोकरी लागल्याबद्दल सगळ्या मंडळीसमोर उपकारस्तुतीची प्रार्थना केली. आणि भिमाजींनी बाजारात सांगून टाकलं, की आता आपण जनावरं चढवणार नाही. त्यांच्या जागेवर दुसरा माणूस आलासुद्धा.

“आणि तू गप्प बसलीस?” जया सुई तशीच धरून ओरडली. “अगं, ही काय नोकरी आहे का? शिकतोय तोवर ठेवलंय आपल्याला.”

“माहितीये मला.”

“मग सांग की त्यांना!”

“कसं सांगू? पाठीनं रात्र-रात्र बसून काढायचे गं ते. आता झोपतात.” ती खळ ढवळत राहिली. “सांगीन. परीक्षा झाली की सांगीन.”

ती परीक्षा झाली, पुढचीही झाली. तिला सांगता आलं नाही. महिन्याचे पैसे घरी जात राहिले आणि घर त्यांच्यावर टेकून उभं राहिलं.

तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात दोघी शेवटची पुस्तकं माझ्यात लावत होत्या. जया चाक पिळत म्हणाली, “संपलं बाई आपलं. पास झालं की इथं कोण उभं करतंय?”

लिडिया पुस्तकाची कड सारखी करत म्हणाली, “पार्थचे गेल्या वर्षी दोन विषय राहिले होते ना? तरी तो बागेत कामाला आहेच की.”

“तो दुसऱ्या वर्षात होता. त्याला तिसऱ्यात घेतलं, विषय मागाहून सोडवायचे म्हणून. तुझं काय राहिलंय? तू तर पहिली येशील.”

लिडियानं पुढचं पुस्तक माझ्या पाटांत सरकवलं. जयाला त्यात काही विशेष वाटलं नाही. मला वाटलं का? मित्रांनो, खरं सांगायचं तर मलाही नाही.

शेवटच्या पेपरच्या दिवशी सगळं कॉलेज शांत होतं. घंटा होऊन मुलं वर्गांत जाऊन बसली होती. आणि दार ढकलून लिडिया आत आली. पिशवी टेकवली, दोरा ओवला आणि एक फाटकं पुस्तक शिवायला घेतलं. त्या दिवशी ती वाचत नव्हती. एकही टाका चुकला नाही. वरच्या मजल्यावर तिचा बाक रिकामा होता आणि इथे ती एकामागून एक टाके घालत होती.

श्रीमंतमामा झाडू घेऊन आत आले आणि थबकले. “अगं, पेपर ना तुझा आज?”

“लवकर सुटला, मामा.”

“हुशार पोरगी,” मामा म्हणाले आणि झाडायला लागले.

तिनं पुस्तक माझ्या पाटांमध्ये ठेवलं आणि चाक पिळलं. इतकं आवळलं, की पुस्तकाच्या पाठीतली खळ बाहेर आली. एरवी तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं. मी दाबून धरलं. मला तेवढंच करता येतं.

निकाल लागला त्या दिवशी ती लवकर आली, मामांकडून किल्ल्या घेऊन तिनंच खोली उघडली. चांगले कपडे घातले होते. ग्रंथपाल मॅडम बांधणीची पुस्तकं बघायला आत आल्या होत्या.

“मॅडम, मी एका विषयात राहिले,” ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, आणि मॅडम गोंधळल्या. “म्हणजे मी अजून कॉलेजचीच ना? सोमवारपासून येऊ ना कामाला?”

“अगं, कॉलेजची कशी? शेवटच्या वर्षाला नापास झालं की पुढं प्रवेशच नाही. आता ऑक्टोबरात तेवढा एक पेपर बाहेरून द्यायचा. योजनेत नाही घेता येत तुला.”

“पण पार्थला घेतलं होतं.”

“त्याला पुढचा वर्ग होता ना.” मॅडमनी चष्मा काढला. “मी तर तुझ्या एम.ए.चं धरूनच चालले होते. मराठीचं एम.ए. आहे आपल्याकडे. तिथल्या मुलांनाही योजना आहे. अजून दोन वर्षं तुझं काम चाललं असतं. जयानं कालच नाव दिलंसुद्धा. तुला माहीत नव्हतं?”

लिडियानं नकारार्थी मान हलवली.

“विचारायचं होतंस गं.”

“मला वाटलं, बी.ए.पर्यंतच असतं.”

तिनं पेपर मुद्दाम चुकवला होता, हे मॅडमना तेव्हाही कळलं नाही. त्यांना वाटलं, एखादा विषय अवघड गेला असेल. त्यांनी तिच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाल्या, “ऑक्टोबरात सुटशील, काळजी करू नको.” त्या गेल्यावर लिडिया मेजापाशी उभी राहिली. मनगटातला किल्ल्यांचा जुडगा काढून तिनं खिडकीत ठेवला. मामांना सांगूनही गेली नाही.

आता जया एम.ए.ला आहे. संध्याकाळी एकटीच काम करते. फटकळपणा कमी झालाय तिचा. ऑक्टोबरचा अर्ज भरायची मुदत जवळ आली तेव्हा तिनं फोन करून पाहिला. फोन लागेना, म्हणून ती घोडेगावला गेली आणि दुसऱ्या दिवशी खोलीत येऊन श्रीमंतमामांना सगळं सांगितलं.

लिडिया आईबरोबर कांद्याच्या वखारीत निवडायला जाते. भिमाजी पुन्हा बाजारात उभे राहू लागलेत. जुनी जागा मिळाली नाही, म्हणून ज्याला गरज पडेल त्याच्याकडे. लिडिया जयाला घेऊन बाजारात पोचली तेव्हा ते एका म्हशीला मागून खांदा देत होते. दोघींना पाहून बाजूला आले, गुडघ्यांवर हात टेकून दम घेतला.

“तू तिच्या संगं कामाला हुतीस ना पोरी?” त्यांनी विचारलं. “खरं सांग मला. कालेजानं माझ्या लिडियाला काढून का टाकलं? काय चुकलं हुतं तिचं?”

“मग काय सांगितलंस तू?” मामांनी विचारलं.

“काही नाही, मामा. लिडिया मागं उभी होती. तिनं मला हात जोडले.”

“आन् पेपर?”

“देणार नाही म्हणती. आता कशाला, म्हणती.”

मामा मोडक्या खुर्चीवर बसले. “मी तिला मॅडम म्हनत हुतो,” ते म्हणाले. “मजेनं म्हनत हुतो.” बाहेर बागेत कोणीतरी झाडांना पाणी घालत होतं, त्याचा आवाज येत होता.

अर्जाची मुदत गेल्या आठवड्यात संपली.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तू म्हणतो, की आम्हाला जपा, तेल द्या, धूळ पुसा. माझं तसं काही मागणं नाही. मी गंजलो तर गंजलो. पण तुमच्याही कॉलेजात कोणी झाडू मारत असेल, पुस्तकं लावत असेल, बागेत पाण्याचा पाइप ओढत असेल. ती तुमच्याच वर्गातली मुलं असतात. त्यांच्या कष्टांचं कौतुक करून पुढे जाऊ नका. जरा थांबा आणि विचारा, “पुढच्या वर्षी काय करणार आहेस?” पहिलं उत्तर येईल, “बघू.” त्यावर समाधान मानू नका. जवळ बसा आणि पुन्हा विचारा. लिडिया त्या दिवशी पेपरच्या वेळात माझ्यासमोर बसून होती. वर्गात जाऊन बसायला अजून वेळ होता, आणि तिला पुन्हा विचारायला खोलीत मी एकटाच होतो.