फुलं राहू देत तशीच

मी बोलतोय. हो, मीच, निळ्या अंगावर पांढरा चाफा मिरवणारा फूड ट्रक. आता मिरवणारा म्हणायचं की नाही, कोण जाणे! ग्लेनच्या आवारात उभा आहे आणि अंगभर ओरखडे आहेत. येणारा-जाणारा विचारतो, अपघात झाला का? अपघात कसला डोंबलाचा!

जन्माने मी पाववाला. ऑस्ट्रेलियातल्या मिल्ड्युरा गावच्या एका बेकरीचे पाव वाहता वाहता खिळखिळा झालो, तेव्हा ग्लेनने मला घेतलं. एक बाजू कापून खिडकी केली, आत शेगड्या बसवल्या आणि भाड्याला लावलं. मरे नदीच्या काठी उन्हाळाभर गाण्यांचे महोत्सव भरतात. भाडं देईल त्याच्या हाती मी. कुणी माझ्यात सॉसेज भाजले, कुणी बटाटे तळले. कढई घासून मात्र एकानेही मला परत केलं नाही. भाड्याच्या वस्तूला कोण पुसतंय!

मग लुपे आली. टोंगा बेटांवरची मुलगी, द्राक्षांच्या पॅकिंग शेडमध्ये दिवसभर उभी राहून राबणारी. सोबत तिची आई लोसा. आल्या आल्या लुपेने काय करावं? मला आंघोळ घातली! कोपऱ्याकोपऱ्यातलं जुनं तेल खरवडून काढलं. मग शिडीवर चढून माझ्या अंगावर तिच्या बेटावरचा चाफा रंगवला. छताजवळचं शेवटचं फूल काढताना लोसा खालून ओरडली, "अगं पडशील! कोण बघणार आहे एवढ्या वर?"

"ट्रकला कळेल ना, आई," लुपे म्हणाली.

कळलं. त्या दिवसापासून मी तिचा झालो.

अळूच्या पानात मटण आणि नारळाचं दूध बांधायचं आणि सकाळपासून मंद आचेवर ठेवायचं, ही त्यांची रीत. समोर ढोल बडवले जायचे, चिखलात बूट घालून माणसं नाचायची, उन्हाने नाकं लालभडक झालेली पोरं खिडकीवर थापा मारायची.

"मावशी, मेलो गं भुकेने!"

"मेला असशील तर जेवतोस कशाला? रांगेत उभा राहा!" लोसा म्हणायची.

कितीही गर्दी होवो, लुपे वेळेआधी झाकण उघडायची नाही. अळू कच्चं राहिलं की घसा खाजतो, हे तुम्हाला मी काय सांगणार? तीन हंगाम गेले आणि लोक लांबून चाफा बघून धावत यायला लागले.

लुपेला एकच हवं होतं. मला विकत घ्यावं आणि शेडची नोकरी सोडावी. एका रविवारी त्यांनी ग्लेनला जेवायला बोलावलं. अंगणातल्या जमिनीत खड्डा करून, तापल्या दगडांवर सगळं शिजवलं होतं. गडी हाताची बोटं चाटत होता. तेव्हा लुपेने विचारलं, "ग्लेन, पुढच्या हंगामाला हा ट्रक मला विकशील ना? दुसऱ्या कुणाला देणार नाहीस ना?"

ग्लेनने दाढी खाजवली. "हो... नाही... होईल गं सगळं नीट!"

लुपेचा चेहरा उजळला. लेखी घ्यावं का, असं तिने आईला हळूच विचारलं, तर लोसा खवळली. "आपल्या पानात जेवलाय तो! त्याच्याकडे कागद मागशील? तोंड कुठे लपवू मी?"

वसंतात दोघी मला न्यायला आल्या. लुपेने शेडची नोकरी सोडली होती. ग्लेन मला ट्रेंट नावाच्या एका तरण्या गड्याच्या ताब्यात देत होता. कायमचा विकून.

"तू हो म्हणालास!" लुपे म्हणाली.

"हो, नाही, असं म्हणालो. म्हणजे नाहीच की! इथे सगळ्यांना कळतं ते."

खरंय, इथली माणसं नाही म्हणायच्या आधी हो म्हणतात, कुणाचं मन मोडू नये म्हणून. पण ग्लेन, ती 'हो' ऐकून हसली, तेव्हा तू तिच्या तोंडाकडे बघत होतास रे! आणखी एक घास घेतलास आणि गप्प बसलास. मी तिथेच उभा होतो.

त्या गेल्यावर ट्रेंटने रंगाचा डबा काढला. ग्लेन म्हणाला, "फुलं राहू देत तशीच. लोक फुलं बघूनच येतात." माझी चाकं असून काय उपयोग? जागचा हलू शकलो नाही.

पहिल्याच महोत्सवात चाफा बघून रांग लागली. ट्रेंटनेही पाटीवर अळूतलं मटण लिहिलं होतं. त्याला घाई फार. दुपारी लोक घसा खाजवत थाळ्या टाकायला लागले. एक बाई तणतणली, "मागच्या वर्षी काय चव होती! माजल्या आता या टोंगाच्या बायका."

शेजारी पिवळं जाकीट घालून एकजणी कचरा उचलत होती. लुपे! शेडवाल्यांनी परत घेतलं नव्हतं म्हणून हे काम. तिने ती थाळी उचलली, पान उघडून वास घेतला आणि मिटलं.

"हे मी केलेलं नाही, बाई," ती म्हणाली. बाई केव्हाच निघून गेली होती.

मग लुपे माझ्याजवळ आली. मला वाटलं, हात फिरवेल. तिने कमरेची पत्र्याची खरवडणी काढली आणि पहिल्या फुलावर चालवली. पापुद्रे खाली पडायला लागले. दुखलं. तरी मी मनात म्हणत होतो, चालव बाई, चालव!

ट्रेंट खिडकीतून ओरडला, "ए! काय करतेस?"

"कचरा उचलतेय," लुपे म्हणाली.

तिने खालचे पापुद्रेसुद्धा वेचून पिशवीत भरले आणि निघून गेली. फुलं गेली तशी गिऱ्हाईकंही गेली आणि ट्रेंटने मला परत ग्लेनच्या गळ्यात मारलं.

छताजवळचं एक फूल मात्र उरलंय. तिथवर तिचा हात पोहोचला नाही. उद्या कुणीतरी नवीन भाडेकरू येईल. त्याला हात जोडून सांगतो, बाबा रे, शिडी लाव आणि तेवढं एक खरवडून काढ. ती पुन्हा कधी समोरून गेली, तर माझ्या अंगावर तिला ते दिसायला नको.