कुरातानी न बोललेले वाक्य

"साडी नेसली असतीस, तर ही डबी कमरेला खोचता तरी आली असती," राजन म्हणाला.

 शेजारीण मारैके मंजूषाच्या काळ्या पँटच्या पट्ट्याला मायक्रोफोनची डबी अडकवत होती आणि डबी सारखी घसरत होती. साडीवरून नवराबायकोत सकाळीच वाद झाला होता. "भारतीय बाई जपानी बोलणार म्हणजे पैठणीच पाहिजे, मंजू. फोटो कसले येतील!" दुभाष्याने फोटोत यायचे नसते, काळे कपडे घालून पाहुण्याच्या अर्धे पाऊल मागे बसायचे असते, हे तिने समजावून पाहिले. "म्हणजे दहा वर्षांनी चान्स मिळाला, तोही न दिसण्याचा," असे म्हणून राजन हसला. मग पँटला इस्त्री मात्र त्यानेच करून दिली.

आइंडहोवनमधल्या एका बंद पडलेल्या कारखान्यात प्रदर्शन मांडले होते. मोठ्या हॉलमध्ये आजचे जपानी चित्रकार होते. भिंतभर कॅनव्हास, त्यांवर निऑनसारखे गुलाबी-हिरवे रंग, आणि समोर वाइनचे ग्लास घेऊन उभी माणसे. कोट टांगायच्या जागेला लागून एक अरुंद खोली होती. तिथे भूमिगत मांगा काढणाऱ्यांची पाने लावली होती. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. आणि या चित्रकथा मोठ्या प्रकाशकांनी नाकारलेल्या, स्वस्त पिवळ्या कागदावर थोड्याशा प्रती छापून हातोहात विकल्या गेलेल्या. त्यांत शिझुए कुरातानी या सत्तरी ओलांडलेल्या बाईंची एक संपूर्ण कथा होती. स्वयंपाकघरात एक बाई उभी आहे. ती चिरते, धुते, पुसते, आणि सगळ्या चौकटींत पाठमोरीच आहे. चेहरा एकदाही दिसत नाही.

आज कुरातानींची मुलाखत होती. नेहमीची दुभाषी ऐनवेळी आजारी पडली. मारैके या प्रदर्शनाचे काम बघत होती आणि जवळच्या बेस्ट गावात मंजूषाच्या शेजारच्या घरात राहत होती. मंजूषाच्या जपानीबद्दल कुंपणावरून कधीतरी झालेले बोलणे तिला आठवले. "आजचं नीट झालं, तर पुढची सगळी गावं तुझी," तिने सांगितले होते. "ग्रोनिंगन, मग अँटवर्प. वर्षभर हे प्रदर्शन फिरणार आहे."

मंजूषाने जिन्याखालच्या कपाटातून शब्दकोशांचे खोके बाहेर काढले. त्याच्यावर ख्रिसमसच्या झाडाचे खोके होते आणि त्यावर मुलीचे, ऋताचे, लहानपणीचे स्केट्स.

पुण्याला असताना ती चाकणच्या एका जपानी कारखान्यात दुभाषी होती. तिचे गुरू नीळकंठ सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "दुभाष्याला तोंड असतं, मत नसतं. समोरचा 'मी' म्हणाला, की तूही 'मी' म्हणायचं. 'ते म्हणतात' असं म्हटलंस की मध्ये तू आलीस." तिने हे इतके अंगी बाणवले होते, की एकदा जपानी साहेबांचे रागावणे तिने जसेच्या तसे सांगितले, "हा सगळा माल मी परत पाठवणार आहे." तेव्हा सुपरवायझर दत्ता भडकला. "ओ जपान मॅडम, तुम्ही कोण परत पाठवणार? तुमच्या बापाचा माल आहे का?" सगळी लाइन हसली. साहेबांनी काय झाले ते विचारले, आणि तिने तेही निर्विकार चेहऱ्याने जपानीत सांगितले. साहेबसुद्धा हसले.

मग राजनला इकडे नोकरी मिळाली. चिप बनवणाऱ्या यंत्रांचे काम, मोठी संधी. "वर्षभर बघू," असे दोघांचे ठरले. तू काम करू नकोस, असे राजन कधीच म्हणाला नाही. जपानीसाठी कुणी बोलावले नाही, डच धड येईना, ऋता लहान होती, मग ती मोठी झाली. आता जपानी उरले होते ते इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीपुरते. पाहुणे जमले की राजन कौतुकाने म्हणायचा, "आमच्या मंजूला जपानी येतं बरं का! मंजू, जरा बोलून दाखव ना." मग ती दोन वाक्ये बोलून दाखवायची. लोक टाळ्या वाजवायचे आणि मोदकांकडे वळायचे.

मुलाखत सुरू झाली. समोर शंभरेक माणसे होती. तिसऱ्या रांगेत राजन आणि ऋता. ब्राम नावाचा समीक्षक इंग्रजीत विचारत होता. मंजूषा कुरातानींच्या कानाशी जपानीत सांगत होती आणि त्यांचे उत्तर इंग्रजीत श्रोत्यांना देत होती. पहिली दहा मिनिटे जीभ जड होती, मग सुटली. शाईबद्दल, कागदाबद्दल, पोलिसांनी एकदा उचलून नेलेल्या अंकांबद्दल कुरातानी मोजके बोलत होत्या. मंजूषा म्हणत होती, "मी तेव्हा वीस वर्षांची होते. मला भीती वाटली नाही." कितीतरी वर्षांत तिने इतक्या वेळा 'मी' म्हटले नव्हते.

ब्रामने विचारले, "मधली पंचवीस वर्षं तुम्ही एकही रेघ काढली नाहीत. कुणी थांबवलं?"

कुरातानींनी थोडा विचार केला. मग सपाट आवाजात म्हणाल्या, "कुणीच नाही. जेवणाची पानं मांडायची होती, म्हणून एक दिवस शाईची बाटली उचलून वर ठेवली. ती परत खाली काढली नाही."

एवढेच. हात मांडीवर ठेवून त्या गप्प बसल्या.

मंजूषाने ते इंग्रजीत सांगितले. तिथे थांबायला हवे होते. हॉल शांत होता, आवाज लागलेला होता, आणि पुढचे वाक्य आपोआप आले. "बाटली कुठे गेली, हे घरात कुणी विचारलंसुद्धा नाही. माझा नवरा चांगला माणूस आहे. तो वाईट असता तर मला भांडता आलं असतं. चांगल्या माणसावर रागावताही येत नाही."

कुणीतरी मोठा सुस्कारा सोडला.

ब्रामच्या कपाळावर आठी पडली. त्याने हातातला कॅटलॉग चाळला. "नवरा? इथे तर लिहिलंय, की तुम्ही लग्न केलं नाही. आईच्या आजारपणात घर सांभाळलंत."

मंजूषाला ते माहीत होते. तो कॅटलॉग तिने तीनदा वाचला होता. आता ब्रामचा प्रश्न तिलाच जपानीत करून सांगायचा होता.  तिने तो सांगितला, एकही शब्द न गाळता. "आपण नवऱ्याचा उल्लेख केलात. पण आपण अविवाहित आहात, असं इथे छापलं आहे."

कुरातानींनी मान वळवली. संध्याकाळभरात पहिल्यांदाच त्यांनी आपल्या दुभाषीकडे नीट पाहिले. मग त्या ब्रामला म्हणाल्या, "चित्रातली बाई. तिचा नवरा."

मंजूषाने तेवढेच सांगितले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मंचावरून उतरताना ती कमरेत वाकून माफी मागू लागली. कुरातानींनी तिला मध्येच थांबवले. "त्या बाईला नवरा आहे, हे मलाही आजच कळलं," त्या म्हणाल्या आणि काठी टेकत पुढे निघून गेल्या.

टोकियोच्या गॅलरीचे मोरिता पहिल्या रांगेत बसले होते. त्यांना दोन्ही भाषा येत होत्या. ते मंजूषापाशी आले, हसले, झुकले आणि 'ओत्सुकारेसामा' म्हणाले. श्रम घेतलेत, आभारी आहे. चाकणला रोज संध्याकाळी कारखाना सुटताना सगळे एकमेकांना हेच म्हणत. त्यावर 'उद्या भेटू' असायचे. मोरितांनी ते म्हटले नाही.

कोटांच्या खोलीत मारैकेने तिला गाठले.

"पुढच्या गावांना ते टोकियोहून माणूस आणणार आहेत. मोरिता फार सभ्यपणे बोलले, पण ऐकेचनात." तिने आवाज खाली आणला. "नवऱ्याचं ते, खरंच तू घातलंस?"

"हो."

"का पण?"

"मला वाटलं, तीच बोलतेय."

मारैकेने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला कुणीतरी हाक मारली म्हणून निघून गेली. मंजूषाने आपला कोट शोधला.

गाडीत राजन खुशीत होता. "काय टाळ्या पडल्या गं! मारैके काय म्हणाली? ग्रोनिंगन पक्कं ना?"

"नाही. ते टोकियोहून माणूस आणणार आहेत."

"हात्तिच्या! मग तुला कशाला राबवलं? हे लोक असेच, वापरून घेतात." त्याने सिग्नलला गाडी थांबवली. "जाऊ दे, मंजू. तुला काय कमी आहे? पण बाई ग्रेट होती हं. ते काय म्हणाली, चांगल्या माणसावर रागावताही येत नाही. वा! नवरा कसला असेल तिचा, विचार कर. बायकोची शाईची बाटली दिसत नाही म्हणजे काय!"

"तिला नवरा नाही, बाबा," मागून ऋता म्हणाली. ती कानातला इअरफोन काढून पुढे वाकली. "आई, शी सेड लाइक टू लाइन्स. अँड यू जस्ट केप्ट गोइंग."



"अगं, जपानी तशीच असते," राजन म्हणाला. "थोड्यात खूप. आईला विचार. हो की नाही, मंजू?"

हिरवा दिवा लागला. आरशात ऋता अजून तिच्याकडेच बघत होती.

"हो," मंजूषा म्हणाली. "ती म्हणाली, तेच मी सांगितलं."

ऋताने इअरफोन पुन्हा कानात घातला.

घरी आल्यावर कोट काढताना कमरेला काहीतरी टोचले. मायक्रोफोनची डबी तशीच राहिली होती. वायर ब्लाउजच्या आतून गळ्यापर्यंत गेलेली. तिने ती ओढून काढली, डबीभोवती गुंडाळली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली. उद्या मारैकेला नेऊन द्यायची होती.

राजनने फ्रीजमधून दुपारची भेंडीची भाजी काढली, तवा तापत ठेवला. "तू बस. दमलीस. पोळ्या मी गरम करतो," तो म्हणाला. त्याने ऋताला हाक मारली, कपाटातून तीन ताटे घेतली आणि ती मांडायला जागा हवी म्हणून टेबलावरची डबी उचलून फ्रीजवर ठेवून दिली.

"लोणचं कुठलं काढू गं, लिंबाचं की आंब्याचं?"

"आंब्याचं," मंजूषा म्हणाली.