कुणाचं लिनक्स मोठं

श्वेताने एकच गोष्ट मागितली होती. यासिर कुवेत कायमचं सोडून रत्नागिरीला चालला होता, आणि हा त्याचा इथला शेवटचा शुक्रवार. चौघांनी सलव्यातल्या तिच्या फ्लॅटवर आपापले कॉम्प्युटर जोडून एकदा पोटभर खेळायचं, आणि त्यासाठी सगळ्यांनी यासिरकडे आहे तेच लिनक्स, म्हणजे मँड्रिव्हा, टाकून यायचं. नवरा जयदीप हो म्हणाला, त्याच्या कंपनीतला सुशांतही हो म्हणाला. हो म्हणायला यांच्या बापाचं काय जात होतं?

चोरीच्या सीडीवरचं विंडोज वापरायचं नाही, त्याऐवजी फुकट मिळणारं लिनक्स घालायचं असं चौघांनी मिळून ठरवलं, तिथवर ठीक होतं. पण लिनक्सचे अवतार छप्पन्न. त्यांना डिस्ट्रो म्हणतात, आणि एकदा डिस्ट्रो धरली की आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. जयदीपची डिस्ट्रो जेंटू. तिच्यात प्रत्येक प्रोग्राम मूळ कोडपासून आपल्याच मशिनवर दळून काढावा लागतो, आणि घरच्या दळणावर खेळ जास्त पळतो, हे तो जेवताना, गाडी चालवताना, पाहुण्यांसमोरसुद्धा सांगायचा. यासिर फहाहीलला कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या दुकानात होता. त्याच्या मँड्रिव्हाला जयदीप 'बायकांचं लिनक्स' म्हणून हिणवायचा. श्वेताच्या मशिनवरही यासिरनेच मँड्रिव्हा टाकून दिलेलं होतं, याचं या शहाण्याला काही नाही.

दुपारची जेवणं झाली, वायरी जोडल्या. श्वेताने आपल्या मशिनवर खेळ सुरू केला आणि बाकीच्यांना आत यायला सांगितलं. एकालाही येता येईना. तुमची आवृत्ती वेगळी आहे, असं प्रत्येकाच्या पडद्यावर आलं. खेळ एकच, पण प्रत्येक डिस्ट्रो त्याची आपापली आवृत्ती देते, आणि एका आवृत्तीचं दुसरीशी जमत नाही. म्हणून तर तिने आधी बजावलं होतं.

ती उठून एकेकाचा पडदा बघत गेली. सुशांतकडे फेडोरा. वेळच झाला नाही, असं त्याने उरलेली खबूस रोटी चावत सांगितलं. जयदीपकडे बघितलं तर जेंटू नाही आणि मँड्रिव्हाही नाही, तिथे उबुंटू. इंटरनेटवरच्या एका फोरमवर गेम खेळणाऱ्यांचा कौल घेतला होता म्हणे. त्यात उबुंटू पहिलं आलं आणि जेंटू पार खाली गेलं, म्हणून त्याने याच आठवड्यात सगळं पुसून उबुंटू घातलं होतं. बदलायला वेळ होता, फक्त बायकोने सांगितलेलं घालायला नव्हता. श्वेताच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

यासिरचं तरी मँड्रिव्हा असेल म्हणून ती तिकडे वळली. त्याच्या पडद्यावर जेंटू होतं.

यासिर ओशाळला. जयदीपभाय काही जेंटू सोडायचे नाहीत, म्हणून आपणच घालून यावं असं त्याला वाटलं होतं. निदान दोघं तरी खेळू. आठवडाभर मशीन दळत ठेवलं होतं त्याने. हे ऐकून जयदीप हसला, आणि आता जेंटू कोण वापरतं, असं त्याच्या तोंडावर म्हणाला.

श्वेताने तरी मार्ग काढला. खेळाच्या साइटवरून एकच आवृत्ती उतरवून चौघांनी घ्यावी, संध्याकाळपर्यंत होईल. तर जयदीपला बाहेरची फाइल आपल्या उबुंटूत नको. सुशांतला दुसऱ्या एका साइटचा कौल आठवला, त्यात फेडोरा वर होतं. झालं, दोघांची जुंपली. उबुंटूचे किती, फेडोराचे किती, खरा गेमर कोण आणि खोटा कोण! आवाज शेजारच्या फ्लॅटपर्यंत गेले. तिने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं; सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही. उन्हं उतरली तेव्हा यासिर मुकाट्याने आपल्या वायरी गुंडाळत होता. अजून सामान बांधायचं होतं त्याला.

त्याला सोडायला ती एकटीच खाली बसस्टॉपवर गेली. त्याचं मशीन वरच राहिलं म्हणून परत फिरली, तर त्याने थांबवलं.

"ऱ्हाऊ दे वहिनी. ते मी नेणार नव्हतोच, सामानात बसत नाही. तुमच्याकडेच ऱ्हाऊ दे."

त्याची बस दिसेनाशी होईपर्यंत ती उभी राहिली आणि मग वर आली. सुशांत गेला होता. जयदीप फोरमवर दुपारचा वाद टाइप करत होता. मान वर न करता त्याने विचारलं, की यासिर गावी गेल्यावर आता कुठली डिस्ट्रो घालणार.

"कुठलीच नाही," श्वेता म्हणाली. "मशीन इथेच ठेवून गेलाय. नेणारच नव्हता तो. जे सोडून जायचं त्यावर आठवडाभर जेंटू दळत बसला, एक दुपार तुझ्याबरोबर खेळायला मिळावी म्हणून."

जयदीपची बोटं थांबली. तो उठला आणि यासिरच्या मशिनपाशी जाऊन बटणाकडे हात नेला. लावून बघू या का, असं हळूच म्हणाला, दोघांनी तरी.

"हात लावू नकोस त्याला," ती म्हणाली.