एका हाताची बिस्किटं

मित्रांनो, मी लाटणं आहे आणि धक्के खाण्यात माझं सगळं आयुष्य गेलंय. लाटणं म्हटलं की 'ते लाटणं' म्हणायचं असतं, हे मला ठाऊक आहे. पण मी शाळा शिकलेलो नाही, आणि पहिल्यापासून स्वतःला गडीमाणूसच समजत आलोय. तेव्हा चालवून घ्या. तुमच्या घरातल्या पोळीच्या लाटण्यासारखा मी सडपातळ नाही. चांगला दंडाएवढा जाड आहे, आणि दोन टोकांना धरायला दोन मुठी आहेत. माझं गाव इंग्लंडात, लँकशायरच्या टेकड्यांखाली. चहूकडे कापडगिरण्यांची धुराडी.

पहिला धक्का जन्माचाच. मी एका झाडाचा गुबगुबीत ओंडका होतो, निवांत पडलेलो. माझी मालकीण विनी, तिचा बाप गिरणीसाठी लाकडी रिळं घडवायचा. त्यानं मला उचललं, फिरत्या यंत्राला लावलं, आणि माझी साल, माझी गाठ, माझं सगळं अंग असं सोलून काढलं की विचारू नका. मला वाटलं संपलो. तर बाप म्हणाला, झालं, पोरीच्या लग्नाला द्यायला छान होईल. असा मी विनीबरोबर तिच्या सासरी, शॉरॉकांच्या घरी आलो.

विनीच्या हाताखाली मी काय काय लाटलं असेल. पण आमचं नाव झालं ते चीजच्या बिस्किटांनी. साधी बिस्किटं. त्यात करण्यासारखं काही नाही आणि चुकण्यासारखं मात्र भरपूर आहे. मैद्यात थंड लोणी बोटांच्या टोकांनी चोळायचं, रव्यासारखं भुसभुशीत होईस्तोवर. तळहात लावायचा नाही, तळहात गरम असतो. मग गावचं पांढरं चीज किसून घालायचं, चिमूटभर मोहरीची पूड, त्याहून कमी तिखट, मीठ. अंड्याच्या पिवळ्या बलकात गोळा बांधायचा आणि थंड फडताळात झाकून ठेवायचा. त्यानंतर माझी पाळी. नाण्याएवढं पातळ लाटायचं, गोल कापायचं, काट्यानं टोचायचं, आणि कडा तांबूस झाल्या रे झाल्या की भट्टीतून बाहेर.

आमच्या गावच्या जत्रेत दर उन्हाळ्याच्या शेवटी तंबू लागतो. कांदे, गुलाब, मुरांबे, केक, सगळ्यांची चढाओढ. चीजच्या बिस्किटांचं परीक्षण कसं करतात माहितीये? परीक्षक बाई बिस्किट आधी तोंडात घालत नाही. कानाशी नेते आणि मोडते. कट्‌ असा आवाज आला पाहिजे. विनीच्या बिस्किटाचा आवाज तंबूच्या दारात ऐकू यायचा. दर वर्षी लाल फीत आमच्या घरी, आणि दुसरा नंबर शेजारच्या मेबलबाईंचा. मेबलबाई दर वर्षी हसून हात मिळवायच्या. हसू फक्त दातांपुरतं.

मग क्लिफ लग्न करून आला, तो दुसरा धक्का. क्लिफ म्हणजे विनीचा एकुलता एक मुलगा, गिरणीत यंत्रं जोडणारा. कंपनीनं त्याला अमेरिकेत पाठवलं, अलाबामाकडे, तिथल्या गिरणीत माग बसवायला. त्यानं माग बसवले आणि येताना नदीनला घेऊन आला. लांब मानेची, हळू बोलणारी पोर. विनीला दर वाक्याला 'मॅम' म्हणायची. तिच्याकडे मोठ्यांना तसंच म्हणतात. विनीला वाटायचं पोरगी टिंगल करतेय.

"मॅम काय म्हणतेस? मी काय राणी आहे?" ती खेकसायची.

"नाही, मॅम," नदीन म्हणायची.

विनीचा बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर असायचा. तो पाहुणे आले तरच खाली यायचा. नदीन पाहुणी नव्हती, आणि विनीच्या लेखी घरचीही नव्हती. म्हणून इतक्या आठवड्यांत तिनं आमचं एकही बिस्किट चाखलं नव्हतं. हे ध्यानात ठेवा. सगळं रामायण इथंच आहे.

एकदा मेबलबाई कुंपणावरून विचारत होत्या, सून कशी आहे म्हणून. विनी म्हणाली, थंडी पडली की जाईल परत बोटीनं, हिच्या हातून घर चालणार नाही. खिडकी उघडी होती. नदीन बटाटे सोलत होती. सुरी थांबली, मग पुन्हा चालू झाली. मी ओट्यावर होतो, मी पाहिलं.

जत्रेच्या आदल्या सकाळी विनी दाराची पायरी घासत होती. आमच्याकडे पायरी दगडानं घासून पांढरी करायची रीत आहे. ज्या घराची पायरी मळकी त्या घराला कोणी विचारत नाही. तर स्वतःच घासलेल्या ओल्या पायरीवरून विनी घसरली आणि उजवं मनगट मोडलं. माझा तो हात! त्या हाताखाली मी जन्म काढला होता.

तिला शहराच्या इस्पितळात नेणार होते. एक रात्र तिथंच ठेवणार होते. गाडीत बसताना तिला दुखण्याची नव्हे, जत्रेची काळजी. तिनं नदीनला जवळ बोलावलं.

"चीजची बिस्किटं. साधी. शहाणपणा करायचा नाही. येतात ना तुला बिस्किटं?"

नदीनचा चेहरा उजळला. "मॅम, खोक्यावर उभी राहून ओट्याला हात पुरवत होते तेव्हापासून करतेय."

गाडी गेली. त्या संध्याकाळी नदीन क्लिफला म्हणाली, उद्या जमलं नाही तर मला तिकीट काढून दे, मी परत जाते. मी काही चांगलं करू शकते हे दाखवायला एवढी एकच गोष्ट मिळालीय. क्लिफ म्हणाला, जमेल गं, बिस्किटंच तर आहेत. आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला गिरणीत निघून गेला. अलाबामात राहून आलेला माणूस. त्याच्या तरी डोक्यात प्रकाश पडायला नको होता का?

आता तिसरा धक्का ऐका. आजही आठवलं की माझ्या मुठी सैल होतात.

सकाळी नदीननं बाह्या सावरल्या. मैदा घेतला, ठीक. लोणी चोळलं, तेही बोटांच्या टोकांनी. चीजही किसून घातलं. मी म्हटलं, वा. मग तिनं डब्यातून बेकिंग पावडर काढली आणि ओतली. मित्रांनो, ओतली! अंडं कुठंय? अंडं नाही. दुधात व्हिनेगर घालून ते फाडलं आणि पिठात घातलं. गोळा कसला, नुसता चिकट गारा. मला वाटलं ही गोंधळली. पण नाही, पोरीचा हात एकदम तयार होता. पीठ ओट्यावर घेऊन हातांनीच थापलं, घडी घातली, पुन्हा थापलं. मला हातही लावला नाही. मी तिथंच पडलेलो, मैद्याची धूळ खात. मग काचेचा ग्लास घेऊन सरळ दाबून गोल कापले. बोटभर जाडीचे!

मला ओरडावंसं वाटत होतं. अगं पोरी, हे बिस्किट नव्हे! पण लाटण्याला तोंड नसतं. भट्टीचं दार लागलं. थोड्या वेळानं उघडलं तर आतून उशा बाहेर आल्या. उंच, फुगलेल्या, वरून सोनेरी, आतून मऊ. नदीन खुशीत गाणं गुणगुणत होती. तेव्हा कुठं मला कळलं. तिच्या गावाला यालाच बिस्किट म्हणतात. शब्द एक, वस्तू दोन. दोघींनी आपापल्या बाजूनं खरंच सांगितलं होतं. वास मात्र घरभर असा सुटला होता की खोटं कशाला बोलू.

तिनं ताटलीवर त्या मांडल्या, वरून पांढरं कापड टाकलं. बाहेर टेकडीवरचा वारा. कापड उडू नये म्हणून वजन ठेवायला तिनं मला उचललं. लाल फिती मिळवलेला मी, कापडावरचं वजन! पण त्यामुळेच तंबूत काय घडलं ते माझ्यादेखत घडलं.

टेबलावर विनीच्या नावाची चिठ्ठी होती. तिथं ताटली ठेवली, कापड काढलं. आजूबाजूच्या बायका माना वळवून बघायला लागल्या. इतर ताटल्यांतली बिस्किटं पातळ, चपटी. मधे आमच्या उशा. नदीननं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. ताटली उचलायला ती पुढे झाली, पण पिलिंगबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. पिलिंगबाई परीक्षक. एकदा त्या टेबलाशी आल्या की कुणी हात लावायचा नसतो.

पिलिंगबाईंनी एक उचललं, कानाशी नेलं, मोडलं.

काही नाही. आवाजच नाही. त्यांनी दुसरा कान लावून पाहिला. मग खिशातून कार्ड काढून ताटलीवर ठेवलं. त्यावर लिहिलं होतं, 'नियमाप्रमाणे नाही'. हरलात असं नाही, तुम्ही मुळात खेळलाच नाहीत, असा त्याचा अर्थ. आमच्या गावात ते कार्ड मिळण्यापेक्षा ताटली न ठेवलेली बरी. क्लिफ तेवढ्यात गिरणीतून धावत आला. त्यानं ताटली पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला. आता उजेड पडला त्याच्या डोक्यात.

आणि तंबूच्या दारातून विनी आत आली. इस्पितळातून तडक, बसनं. हाताला प्लास्टर, डोक्याला घट्ट रुमाल.

मेबलबाईंना ते पुरेसं होतं. "ये गं विनी, बघ तुझ्या सुनेनं काय दिवे लावलेत. खायच्या की डोक्याखाली घ्यायच्या?"

दोघीतिघी फिसकन हसल्या. नदीन तंबूच्या खांबाला टेकून मला छातीशी घट्ट धरून उभी होती. तिचं काळीज माझ्या अंगावर धडधडत होतं. मला वाटलं, संपलं. आता विनीचं तोंड सुटणार, आणि पोर उद्याच बोटीवर.

विनीनं कार्ड वाचलं. ताटलीकडे पाहिलं. मग नदीनकडे पाहिलं, बराच वेळ. डाव्या हातानं एक उशी उचलली, चावा घेतला, सावकाश चावली. सगळा तंबू तिच्या तोंडाकडे बघत होता.

"माझी आहेत," विनी म्हणाली.

"तुझी?" मेबलबाईंचे डोळे प्लास्टरवर. "अगं, हात तर मोडलाय तुझा."

"मग? एका हातानं केली की फुगतात."

मित्रांनो, मी लाकूड आहे, पण मी थिजलो. आयुष्यात कधी बाजारात घासाघीस करतानाही खोटं न बोललेली बाई! विनीनं पुढे होऊन मेबलबाईंना डावा हात दिला. म्हणाली, अभिनंदन, या वर्षी फीत तुझी. खरोखरच गेली फीत. ती हरली होती आणि ते तिला टोचत होतं, तिच्या जबड्यावरून मला कळत होतं.

घराच्या पायरीशी नदीनला रडू फुटलं. "मॅम, माझ्यासाठी खोटं का बोललात?"

"खोटं कसलं? माझ्या घरातल्या माणसानं केली, माझ्या भट्टीत केली. मग ती माझी नाहीत तर काय मेबलची?" विनी म्हणाली. "आणि रडणं आटोप, नाहीतर पायरी ओली होईल. परत कुणीतरी पडायचं."

नदीन रडता रडता हसली. मग विनी तिला म्हणाली, हे जे काय केलंस ते चांगलं लागतं, सूपाबरोबर करत जा. पण त्याला माझ्या घरात बिस्किट म्हणायचं नाही. तिकिटाची गोष्ट त्यानंतर कुणी काढली नाही.

त्याच दुपारी विनीनं मैदा काढायला लावला. नदीननं लोणी चोळलं, चीज किसलं, पिवळा बलक घातला. विनी शेजारी उभी राहून, तळहात लावू नकोस, म्हणून सारखी डाफरत होती. गोळा थंड झाला. आता लाटायचं. विनीला राहवेना. तिनं डाव्या हातानं माझी डावी मूठ धरली. एका हातानं मी तिरका पळतो. तेव्हा नदीननं न विचारता उजवी मूठ धरली.

मला हा असा धक्का कधी बसला नव्हता. माझ्या दोन मुठींवर दोन बायका! एक रेटतेय, एक घाबरत ढकलतेय. मी गोल गोल फिरायला लागलो, पीठ एकीकडे जाड, एकीकडे फाटलेलं.

"जोर लाव गं. मोडत नाही तो."

"तुम्ही जरा कमी लावा," नदीन म्हणाली. पहिल्यांदाच 'मॅम' न म्हणता.

विनीनं जोर कमी केला. ती बिस्किटं अर्धी करपली, अर्धी कच्ची राहिली. पण एक नदीननं कानाशी नेऊन मोडलं, आणि कट्‌ झालं.

प्लास्टर निघालं. हात पहिल्यासारखा झाला. मला वाटलं, आता माझ्या दोन्ही मुठी पुन्हा विनीच्या. पण पुढच्या शनिवारी तिनं मला ओट्यावर ठेवलं, एकच मूठ धरली, आणि दुसरीकडे कुणी येतंय का याची वाट बघत उभी राहिली. शेवटपर्यंत तिनं तसंच लाटलं.

विनी गेली त्याला खूप वर्षं झाली. नदीनही म्हातारी झाली, तिची बोटं आता मिटत नाहीत. बिस्किटं दुकानातून येतात. मधे कुणीतरी मला भांड्यांच्या पाण्यात रात्रभर भिजत टाकलं, तेव्हा माझ्या अंगाला तडा गेला. हल्ली मी खणात गंजक्या चमच्यांखाली पडून असतो. तक्रार नाही. पण मित्रांनो, लाकडाला पाण्यात बुडवून ठेवू नका. ओल्या फडक्यानं पुसा, कोरडं करा, जागेवर ठेवा. आणि घरात दूरवरून नवं माणूस आलं, तर त्याला कामाला लावायच्या आधी डब्यातलं एक बिस्किट त्याच्या हातावर ठेवा. मग विचारा, "तुमच्याकडे याला काय म्हणतात?"