बोटभर फट

मित्रांनो, मी एक जुना फिरता चौथरा आहे. गाड्यांच्या शोरूममध्ये, मोठ्या काचेच्या आत, जमिनीत बसवलेली लोखंडाची गोल थाळी तुम्ही पाहिली असेल. तिच्यावर एखादी झगमगीत गाडी सावकाश गोल फिरत असते. तुम्ही गाडीकडे बघता. खालच्या थाळीकडे कोण बघणार? ती थाळी म्हणजे मी.

मला एका अबोल फिटरने घडवले. शोरूममध्ये बसवून झाल्यावर मालकांनी माझ्या कडेवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मास्तर, इथे सगळीकडून फट राहिली की."

"राहिली नाही, ठेवलीय," फिटर म्हणाला. "बोटभर. बुजवली तर चौथरा घासून अडकेल. वाढवली तर कुणाचा तरी पाय जाईल."

मालक हसले. "म्हणजे आमच्या धंद्यासारखंच झालं."

त्यांना काय म्हणायचे होते, ते मला पुढे रोज ऐकून पाठ झाले. गिऱ्हाइकाने किंमत कमी करा म्हटले, की मालक त्याला माझ्या कडेशी आणून उभे करत. "समजा, ही गाडी कंपनीनं आम्हाला शंभर रुपयांना दिली," ते सांगत. "पाटीवर एकशेआठ लिहिलंय. मधले आठ म्हणजे ही फट. त्यातून पगार निघतात, विजेचं बिल निघतं. गाडी आम्ही बँकेच्या पैशानं आणतो, ती इथे नुसती उभी राहिली तरी व्याज चालू. सगळं जाऊन दोन उरले तर आम्ही हसतो." ऐकणारा फटीकडे बघे आणि बहुतेक वेळा पाटीवरचाच भाव देई.

माझ्यावर फक्त स्पोर्ट्‌स कार उभ्या राहत. बुटक्या, रुंद, दोनच माणसांच्या. त्या विकल्या जात थोड्या, पण त्या पाहायला माणसे आत येत आणि जाताना कोपऱ्यातली साधी, चार दारांची गाडी ठरवून जात. माझ्यावर दिवे सोडलेले असत. गाडी फिरू लागली, की मोठमोठ्या माणसांची तोंडे उघडीच राहत.

पण मालकांचा एक नियम होता. फिरत्या गाडीचा भाव सांगायचा नाही. भाव विचारला, की ते आधी मला थांबवत, वरचे दिवे मालवून साधी ट्यूबलाइट लावत आणि मग आकडा बोलत. "डोळे फिरलेल्या माणसाच्या हातात पेन देऊ नये," असे ते म्हणत.

असे शहाणे मालक, पण एकदा तेही चुकले. रस्त्यापलीकडे दुसरे शोरूम निघाले. मालक इरेला पेटले आणि जेवढ्याला पडेल तेवढ्यालाच गाड्या विकू लागले. दारात गर्दी उसळली. वाहवा झाली. आणि वर्ष सरायच्या आत चांगला मेकॅनिक सोडून गेला, सर्व्हिसच्या गाड्या रांगेत तिष्ठू लागल्या आणि माझे ग्रीस बंद झाले. मी फिरताना कण्हू लागलो. मालक म्हणाले, "फट बुजवली की अडकतं, हे फिटरनं आधीच सांगितलं होतं. ऐकलं कुणी?" मग पाटीवर पुन्हा जुना भाव आला. पलीकडचे दुकान काही दिवसांनी आपोआपच बंद पडले.

पुढे मालकांचे गुडघे दुखू लागले आणि त्यांची मुलगी कारभार पाहू लागली. तिला सगळे ताई म्हणत. लहानपणी ती माझ्यावर मांडी घालून गोल गोल फिरायची. तिच्या वाट्याला दोन वर्षे ओढाताणीची आली. बँकेचे व्याज थकले. मला फिरवणारी खालची मोटार तापून जळका वास येऊ लागला. गाड्या पुसणाऱ्या मावशींना 'उद्यापासून येऊ नका' म्हणायची पाळी आली होती, पण ताईच्या तोंडून ते शब्द निघत नव्हते.

अशात स्पोर्ट्‌स कारचे एक नवे मॉडेल आले. मागणी फार आणि कंपनी पाठवणार मोजक्याच गाड्या. आमच्या वाट्याची एकुलती एक गाडी एका बाईंनी वर्षभर आधी सांगून ठेवली होती. मालकांच्या त्या शंभराच्या हिशेबात एकशेआठ हा भावही ठरला होता. या बाई गाडी चालवायला शिकवत. निम्म्या गावाला त्यांनीच शिकवले होते, ताईलासुद्धा. आयुष्यभर शिकाऊ मुलांच्या शेजारी बसून बसून त्यांना आता एकदा स्वतःची वेगवान गाडी हवी होती.

गाडी आली आणि माझ्यावर चढली. दुसऱ्याच दिवशी एक बिल्डर साहेब आले. त्यांनी पाटी वाचली आणि बारा रुपये वर देतो म्हणाले.

आमच्याकडे एक सेल्समन होता. गिऱ्हाइकाला मधाचे बोट लावण्यात इतका पटाईत, की सगळे त्याला मधबोटेच म्हणत. साहेब गेल्यावर तो ताईच्या कानाशी लागला.

"ताई, एकशेवीस. बँकेचं तोंड बंद होईल, चौथऱ्याची मोटार येईल, मावशी राहतील."

"बाईंना शब्द दिलाय."

"मग बाईंनाही एकशेवीसच सांगा. परवडलं तर घेतील. आपण कुठं नाही म्हणतोय?"

खोटे कशाला बोलू? मोटारीचे नाव ऐकून मलाही बरे वाटले होते.

बाई आल्या. मी फिरत होतो, दिवे लखलखत होते. ताईने बाईंकडे न बघता, गाडीकडे बघत आकडा सांगितला. "आता एकशेवीस झालीय, बाई. मागणी खूप आहे."

माझ्या फिरत्या पाठीवर भाव बोलला गेला, तो त्या दिवशी पहिल्यांदा.

बाईंनी हातातली पर्स दुसऱ्या हातात घेतली. "आधी हा थांबव."

"काय?"

"हा चौथरा. तुझ्या वडिलांनी मला पहिली गाडी विकली तेव्हा थांबवला होता. शिकवणीची साधी गाडी, तिकडे कोपऱ्यात उभी होती. तरी थांबवला."

ताईने बटण दाबले. मी कण्हत थांबलो. दिवे मालवले आणि ट्यूबलाइट लागली. तिच्या उजेडात गाडी गाडीसारखी दिसू लागली.

"तुला ही शंभराला पडली, ते मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "विकल्यावर कंपनी तुला वर थोडं परत करते, तेही माहीत आहे. आजकाल सगळं कळतं. पण मी शंभराला मागायला आले नाही. आठ तुझे. भाव ठरला तेव्हाच तुझे झाले. हे वरचे बारा कशाचे, तेवढं सांग."

"दुसरे एक साहेब द्यायला तयार आहेत."

"ते त्यांच्या घाईचे पैसे. मला कसली घाई? माझा जन्म दुसऱ्या गिअरमध्ये गेलाय."

मधबोटे खोकला. ताईची मान खाली गेली. तिच्या बुटाचे टोक नेमके माझ्या फटीवर होते. ते तिने मागे घेतले.

"एकशेआठ, बाई," ती म्हणाली.

बाईंनी मान हलवली. "शिकताना तू ब्रेक उशिराच दाबायचीस. अजून तशीच आहेस. पण दाबतेस, हे खरं."

साहेबांनी दुसऱ्या गावातून गाडी घेतली. आमच्याकडे ठरल्या आठांतून व्याजाचा एक हप्ता गेला आणि जे उरले त्यात एकच गोष्ट बसत होती. माझी मोटार, नाहीतर मावशींचा पगार. एका संध्याकाळी ताईने माझ्या बटणावर चिकटपट्टी लावली.

तेव्हापासून मी फिरत नाही. वाईट वाटले, नाही असे नाही. पण आता लोक स्वतःच्या पायांनी गाडीभोवती फिरतात आणि हवे तिथे थांबतात. बाई सर्व्हिसला इथेच येतात. त्यांचे विद्यार्थीही येतात. सगळेच गाडी घेतात असे नाही, पण विचारतात तरी. मावशी जुन्या टूथब्रशने माझी फट साफ करतात. मोटार पुढच्या वर्षी नक्की, असे ताई तीन वर्षे म्हणते आहे.

मित्रांनो, मोठे झाल्यावर तुम्ही काहीतरी विकाल आणि पुष्कळ काही विकत घ्याल. घेताना समोरच्याची फट पार बुजवू नका. विकताना ती कुणाचा पाय अडकेल इतकी वाढवू नका. आणि शोरूममध्ये आलात, तर चॉकलेटचे कागद माझ्या कडेच्या फटीत सारू नका. मोटार आली, की त्याच दिवशी मला फिरायचे आहे.